धाब्याचं घर उतरवतोय, त्यासोबत वडिलांची सुतारकी कशी शिकून घेऊ?

बोरीकाठ

राम राम मंडळी.

पारोळा तालुक्यात बोरी नदीच्या काठी आमचं गाव. घर धाब्याचं (सपाट मातीच्या छताचं), बारा खणांचं (गाळ्यांचं). आजोबांनी १९५४ साली स्वतः बांधलेलं. साग नवापूरकडून रेल्वेनं अमळनेरला आला आणि तिथून बैलगाडीनं गावी, असं अण्णा (माझे वडील) सांगतात. आजोबा सुतार, अण्णा सुतार. मी नाशिकला एका कारखान्यात ड्रॉइंग काढतो. वय ४३. दहावीनंतर गाव सोडलं तेव्हा अण्णांनी अडवलं नाही, उलट पुस्तकं ठेवायला सागाची पेटी करून दिली. ती अजून माझ्याकडे आहे. तिचा एकही सांधा हललेला नाही.

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की घर उतरवायचं ठरलंय. धाब्यावर दरवर्षी पावसाआधी खारी (पाणी अडवणारी माती) टाकायची असते. आमच्याकडे वर चढणारं कुणी उरलं नाही म्हणून चार वर्षं ती टाकलीच नाही. पाणी मुरत गेलं आणि मागच्या पावसात माजघराच्या दोन सऱ्यांनी (छताच्या आडव्या लाकडांनी) मान टाकली. त्या जागी स्लॅबचं घर होईल. अण्णा ७४ वर्षांचे आहेत. त्यांचं म्हणणं एकच, घराला जेसीबी लावायचा नाही, जसं चढवलं तसं उतरवायचं. मी तीन आठवड्यांची रजा टाकलीय.

खरा प्रश्न आता सांगतो. या तीन आठवड्यांत मला अण्णांकडून जमेल तेवढं शिकून घ्यायचंय. पण अण्णा बोलत नाहीत. रागीट नाहीत, प्रेमळ माणूस आहे. फक्त त्यांच्याकडे कामासाठी शब्द नाहीत. "असं का केलं?" विचारलं की म्हणतात, "देखत ऱ्हाय." बस. त्यांनाही आजोबांनी असंच शिकवलं असणार.

होळीला गेलो तेव्हा मी अख्ख्या घराचं मोजमाप घेऊन ड्रॉइंग काढलं. दगडी तळखडे, त्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर सरे, सऱ्यांवर पाट्या, त्यावर पराट्यांचा (कापसाच्या वाळक्या काड्यांचा) थर आणि मग माती. सुतासुताचा हिशोब लावून काढलं होतं. अण्णांना ड्रॉइंग वाचता येत नाही. त्यांनी कागद ओट्यावर पसरला, थोडा वेळ बघितला आणि एका जागी बोट ठेवलं. "हाऊ जोड आठे नही ऱ्हास." (हा जोड इथे नसतो.) तुळईच्या दोन तुकड्यांचा जोड मी दोन खांबांच्या मध्ये दाखवला होता. जाऊन पाहिलं, तर तो बरोबर हस्तावर होता. काजळीमुळे मला दिसला नव्हता. त्यांनाही ओट्यावरून दिसत नव्हता. पण जोड अधांतरी असूच शकत नाही, तो खांबाच्या डोक्यावरच येणार, हे त्यांना माहीत होतं. मी वीस वर्षं ड्रॉइंग काढतोय आणि हे मला सुचलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

मोबाइलवर व्हिडिओ काढून पाहिला. कॅमेरा समोर आला की अण्णा वाकस (लाकूड तासायचं अवजार) खाली ठेवतात, टोपी सारखी करतात आणि लग्नातल्या फोटोसारखे ताठ उभे राहतात.

आणखी एक गोष्ट. माझी मुलगी नववीत आहे. होळीला तिनं आजोबांचा रंधा उचलला आणि निंबाच्या फळीवर चालवून बघितला. फळीला खोल चर पडला. घरातले एक-दोघं म्हणाले, पोरीच्या हातात कशाला देता. मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "तिले दे. मन्ही नजर गयी, तिन्ही शे." (माझी नजर गेली, तिची आहे.) एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकलं. सुट्टीत ती पूर्ण वेळ गावी असेल.

तुमच्यापैकी कुणी आपल्या बापाकडून, काकाकडून, मामाकडून असं काम शिकलं असेल तर सांगा. न बोलणाऱ्या माणसाकडून कसं शिकायचं? तीन आठवड्यांत काय धरायचं आणि काय सोडायचं?

शिरपूरचा गवंडी

बोरीकाठ भाऊ, मी गवंडी आहे, लाकडातलं मला कळत नाही. पण न बोलणाऱ्या माणसाकडून शिकलोय, म्हणून लिहितो.

माझे काका. पहिलं वर्ष त्यांनी मला थापीला हात लावू दिला नाही. वाळू चाळ, विटा भिजव, गारा (विटा जोडायचा चिखल) कालव. वीट पाण्यातून काढायची कधी, हे त्यांनी मला तोंडानं कधीच सांगितलं नाही. कोरडी वीट दिली की ते ती परत माझ्या पायाशी टाकायचे. अशा कितीतरी विटा परत आल्यावर मला कळलं की बुडबुडे थांबले की वीट तयार. कोरडी वीट गाऱ्यातलं पाणी पिऊन टाकते आणि गारा नुसती राख होतो. आज माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे दोन वाक्यांत सांगतो आणि ते दुसऱ्या दिवशी विसरतात. मी एवढ्या वर्षांत विसरलो नाही.

काका शाळेत गेले नव्हते. त्यांच्याकडे गाठी मारलेली एक सुतळी होती. पाया आखताना एका बाजूला ३ हात, दुसऱ्या बाजूला ४ हात, आणि तिरकी दोरी ५ हात भरली की कोपरा काटकोनात. मला हे शाळेच्या पुस्तकात पुढे भेटलं, तेव्हा मी मास्तरांना म्हणालो की हे तर काकांच्या सुतळीत आहे.

म्हणून माझा सल्ला असा. अण्णांना "का" विचारू नका. त्यांच्यासमोर काम ठेवा आणि स्वतः करायला घ्या. तुम्ही चुकलात की त्यांचा हात आपोआप पुढे येईल. ड्रॉइंगवर त्यांनी बोट कधी ठेवलं? तुम्ही चुकलात तेव्हाच ना. त्यांचे शब्द तिथेच आहेत.

आता एक गोष्ट काळजीची. धाबं उतरवताना माती किती जड असते ते लोकांना कळत नाही. एक खण ५ फूट बाय १० फूट धरा, माती नऊ इंच. झाली ३७ घनफुटांच्या वर. ओल धरलेली माती घनफुटाला ४५ किलोच्या आसपास भरते. म्हणजे एका खणावर दीड टनाहून जास्त, आणि तुमचे बारा खण. आधी खालून मजबूत टेकू द्या, विशेषतः त्या दोन सऱ्यांना. मग माती वरून पातळ थरानं काढा, दोन्ही बाजूंनी सारखी. एक बाजू रिकामी करून दुसरीकडे ढीग लावला तर तुळई फिरते. खाली कुणालाही उभं राहू देऊ नका, पोरीला तर नाहीच. पराट्यांच्या थरात विंचू निघतात, हातमोजे घाला. आणि कोरड्या दिवसांतच आटपा.

कागदपत्रं बघणारा

मुलीला पुढे रीतसर शिकायचं असेल तर आयटीआयला सुतारकामाचा एक वर्षाचा कोर्स असतो, त्याला आठवी पास चालते. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू आहे. तिच्यात १८ व्यवसाय आहेत, सुतार आणि गवंडी दोन्ही. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि नंतर ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. पण वय १८ पूर्ण लागतं, अर्जदारानं तो व्यवसाय स्वतः हातानं करत असायला हवं, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ. अर्ज सामान्य सेवा केंद्रातून होतो, पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. गावात कुणी काम करणारा असेल तर त्याला सांगा.

यावलची लेक

दादा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. माझे वडील गाड्या करायचे. घरं नाही, बैलगाड्या, पांभर, वखर, जू. आमच्या अंगणात कायम बाभळीचे तुकडे वाळत पडलेले असायचे. जूसाठी तिवसाचं लाकूड मिळालं की ते दिवसभर खूश.

चाकावर लोखंडी धाव चढवायची असली की लोहारकाका यायचे. अंगणात गोवऱ्यांचा जाळ लावून धाव लाल करायची, सांडशीनं धरून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी. लाकडाचा करकर आवाज यायचा, वाफ उठायची आणि सगळे आरे तुंब्यात (चाकाच्या मधल्या ठोकळ्यात) घट्ट आवळले जायचे. मी नऊ-दहा वर्षांची. पाण्याच्या बादल्या देणं माझं काम होतं, आणि मला त्या कामाचा अभिमान होता.

धावेची लांबी चाकाच्या घेरापेक्षा कमी ठेवावी लागते, म्हणजे गार झाली की ती चाक आवळते. जास्त कमी केली तर आरे वाकतात, कमी केली नाही तर उन्हाळ्यात धाव गळून पडते. किती कमी ठेवायची? वडील बोटांनी मोजायचे, एवढं मला आठवतं. किती बोटं, ते आठवत नाही. माझ्या भावांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. त्यांना कधी उभंच केलं नव्हतं तिथे, कारण त्यांनी शिकून नोकरी करावी ही वडिलांची इच्छा. आणि मला कुणी शिकवलं नाही, कारण मी मुलगी. मी तर तिथेच होते, बादली घेऊन.

वडील गेल्यावर अवजारं भंगारात वजनावर गेली. मी माहेरी पोचेपर्यंत फक्त एक खतावणी (लाकडावर रेघ आखायचं अवजार) उरली होती, कोनाड्यात पडलेली. तिच्या दांडीवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा आहे. माझा अंगठा त्यात मावतो.

तुमच्या मुलीला रंधा दिलात, बरं केलंत. पण आधी धार लावायला शिकवा. चर पडला तो तिचा दोष नसणार, पातं बोथट असणार किंवा जास्त बाहेर निघालेलं. आणि अण्णांना गावात फिरवा. ज्या ज्या घरात त्यांनी काम केलंय तिथे घेऊन जा. माझे वडील घरी गप्प असायचे, पण दुसऱ्याच्या दारात आपलं काम दिसलं की थांबून बोलायचे. मोबाइल खिशात ठेवून फक्त आवाज घ्या, तोही आधी त्यांना सांगून.

बोरीकाठ

ताई, तुमचा निरोप वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. गवंडीभाऊ, टेकूंचं तुम्ही सांगितलं तसंच करतो. उद्या गावी निघतोय. तिथे रेंज मिळत नाही, परत आलो की लिहीन.

सातपुडा पायथा

मी धडगावकडे शिक्षक आहे. इकडे पावरा आदिवासींच्या वस्तीवर कुणाचं घर बांधायचं असलं की आख्खा पाडा येतो. खांब रोवणारे वेगळे, बांबूचे कूड विणणारे वेगळे, शेणामातीनं लिंपणाऱ्या बाया वेगळ्या. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातात दोर देतात. वेगळं शिकवणं असं काही नसतं. वर्षात दोन-तीन घरं उभी राहतात, पोरगं प्रत्येक घराला हजर असतं, आणि सोळाव्या वर्षी ते छपरावर चढलेलं असतं. तुमच्याकडे घर सत्तर वर्षांतून एकदा उतरतंय. म्हणून या तीन आठवड्यांत मुलीला प्रत्येक कामाला हजर ठेवा, नुसतं बघायला असलं तरी.

बोरीकाठ

परत आलो. उशीर झाल्याबद्दल माफ करा, घर उतरवायला तीन नाही, चार आठवडे लागले.

माती काढायलाच नऊ दिवस गेले. गवंडीभाऊ, तुमचा हिशोब मी सगळ्या मजुरांना वाचून दाखवला. खालून टेकू देताना अण्णांनी स्वतः एकेक पाचर ठोकली. माजघराचे ते दोन सरे भिंतीत घुसलेल्या टोकाला कुजले होते. मध्ये वाकस मारली तर आतून लाल-पिवळा, तेलकट, सत्तर वर्षांनीही सागाचा वास येणारा. खांबांच्या बुडाला वाळवीचा एक डाग नाही, कारण ते जमिनीत नाहीत, तळखड्यावर आहेत. दोन खांब चौघांना उचलेनात. अण्णा म्हणाले, अंजन. सागाच्या घरात आजोबांनी दोन खांब अंजनाचे का लावले, हे माती निघाल्यावर दिसलं. त्या दोन खांबांवर चार-चार खणांचा भार येत होता.

आता जे सांगायला मी आलोय ते.

पुढच्या दाराची चौकट आम्हाला मोडायची नव्हती, नव्या घराला तीच लावायची आहे. वर गणेशपट्टी, खाली उंबरठा, उभ्यांच्या टोकांना कुसू (खाचेत शिरणारं निमुळतं टोक), आणि प्रत्येक सांध्यात दोन खुंट्या. लोखंडाचा खिळा एकही नाही. अण्णांनी खुंट्या मागून ठोकून काढायला सांगितल्या. पहिली निघाली ती मध्ये किंचित वाकलेली. दुसरीही तशीच. सांधा सुटल्यावर मी पाहिलं, तर पट्टीतलं भोक आणि कुसूवरचं भोक एका रेषेत नव्हती. सूतभर (इंचाचा आठवा भाग) फरक. आठही ठिकाणी. कारखान्यात असं झालं तर माल परत येतो, म्हणून मी बोलून गेलो की आजोबांचं इथे थोडं चुकलेलं दिसतंय.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी बाभळीचा एक तुकडा घेतला, टोक निमुळतं केलं आणि माझ्या मुलीला म्हणाले, ठोक. तिनं सांधा परत जुळवला, खांद्याशी (कुसूच्या बुडाशी) नखभर फट राहिली होती. खुंटी शिरायला लागली तशी ती फट आमच्या डोळ्यांसमोर बंद होत गेली. शेवटच्या ठोक्याला केससुद्धा जाणार नाही इतकी. मग अण्णा म्हणाले, "चुकेल नही. वढाले शे." (चुकलेलं नाही. ओढायला आहे.)

कुसूवरचं भोक खांद्याच्या बाजूला सूतभर सरकवून पाडलेलं असतं. खुंटी सरळ जायला बघते आणि कुसूला आत ओढून घेते. म्हणूनच ती वाकते. म्हणूनच सत्तर वर्षं दार आदळूनही चौकट हलली नाही. मी हे ड्रॉइंगमध्ये दोन्ही भोकं एका रेषेत दाखवली होती, आणि कुणी त्या ड्रॉइंगवरून चौकट केली असती तर ती चार पावसांत खिळखिळी झाली असती. घर जेसीबीनं पाडलं असतं तर मला हे कधीच कळलं नसतं. अण्णांना मी काय विचारलं असतं? त्याला नावच नाही आमच्या घरात.

मुलीनं धार लावणं शिकून घेतलं. आधी सहा दिवस फक्त तेच. अण्णा पात्याची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे, घसरली की परत दगडावर. सातव्या दिवशी त्यांनी पातं परत केलं नाही, रंध्यात बसवून टाकलं. तिनं मला नाशिकला आल्यावर सांगितलं, "पप्पा, आजोबा पातं बघताना डोळे मिटतात." मी एवढ्या वर्षांत हे पाहिलं नव्हतं.

यावलच्या ताई, तुमच्यासाठी. तुम्ही सांगितलं तसं मी अण्णांना गावातून फिरवलं. एका वाड्याच्या मागे जुनी बैलगाडी पडलेली आहे, तिच्यापाशी ते थांबले. मी तुमचा प्रश्न विचारला नाही. नुसतं म्हणालो, यावलकडच्या एका सुताराची लेक आहे, बापाची धाव किती बोटं कमी असायची ते तिला आठवत नाही. त्यांनी चाकावर हात ठेवला, आरे हलवून पाहिले. नवं चाक असलं तर एक बोट, म्हणाले. जुन्या चाकाला दोन, कारण जुने सांधे सैल झालेले असतात, त्यांना जास्त आवळावं लागतं. आणि बोट आडवं धरायचं, उभं नाही. ही अण्णांची बोटं, तुमच्या वडिलांची वेगळी असतील. पण त्यांनी मला आवर्जून सांगितलंय की हे तिला कळव.

चौकटीला आठ खुंट्या लागतात. अण्णांनी एक केली, मुलीनं सहा. आठवी त्यांनी करू दिली नाही, ती माझ्यासाठी ठेवलीय. बाभळीचा तुकडा पेटीत घालून नाशिकला आणलाय. शनिवारी गावी जाताना वाकस मागून घेईन.